मुंगळ्याचे सहा पाय

दहाचा पाना शोधताना मला तो कागद सापडला. अब्बांनी तो फाडला नव्हता की जाळला नव्हता. चौपदरी घडी घालून हत्यारांच्या पेटीत अगदी तळाशी ठेवला होता. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात डिसेंबर दोन हजार आठमध्ये झालेल्या यंत्रांच्या लढतीचा तो तपासणीचा कागद. संघाचं गाव अकोला, यंत्राचं वजन सत्तावीस किलो, आणि शेवटचा रकाना छापील: ‘यंत्र चालणारे आहे काय?’ त्यापुढे लाल पेनाने, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘नाही’.

आधी हा खेळ काय ते सांगते, नाहीतर माझा संताप कळायचा नाही. जाड पारदर्शक भिंतींच्या पिंजऱ्यात दोन यंत्रं सोडतात. तीन मिनिटं ती एकमेकांना झोडपतात. जे दहा आकडे मोजेपर्यंत हललं नाही किंवा कोपऱ्यातल्या खड्ड्यात पडलं, ते हरलं. बक्षीस म्हणजे एक लाकडी ढाल आणि टाळ्या. सगळा हौसेचा मामला. यंत्र पंधरा किलोच्या आत हवं. पण नियमांच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: चाकांऐवजी पायांनी चालणाऱ्या यंत्राला दुप्पट वजन चालेल, तीस किलो. कारण चालणं अवघड. चाक काय, कोणीही लावतं. ती ओळ कोणी वाचत नव्हतं, कारण सगळ्यांनी चाकंच लावलेली. मी वाचली. मी तेव्हा अकोल्यात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होते आणि बारीक अक्षर आधी वाचायची मला खोड आहे. धावत घरी आले आणि म्हटलं, “अब्बा, आपण पाय करू.”

माझे अब्बा, गयासुद्दीन, एका जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, फिटर होते. तिथे चोवीस रेचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र: चामड्याचे रोलर फिरतात, एक सुरी सारखी खालीवर होते, रुई इकडे आणि सरकी तिकडे. फिरणाऱ्या गोष्टीला खालीवर करायला लावणं हा अब्बांचा तीस वर्षांचा धंदा होता. त्यांनी महिन्याभरात सहा पाय उभे केले, आणि ते पाय टकाटक पडायचे. मी तर ढाल ठेवायला भिंतीवर जागा बघून ठेवली होती.

पण जुन्या जिनात मोटर एकच असते. जमिनीखालून एक लांब शाफ्ट जाते आणि तिच्यावरून पट्टे लावून चोवीसच्या चोवीस रेचे चालतात. प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर लावणारा माणूस अब्बांच्या लेखी उधळ्या. त्यामुळे त्यांनी सहाही पाय एकाच शाफ्टवर घेतले, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही त्याच घरात वाढलेली. अमरावतीला तपासणीच्या टेबलावर मुख्य पंच महादेवराव सर वाकले, यंत्राच्या पोटात टॉर्च मारली आणि म्हणाले, “हे चालत नाही हो. हे पाय लावलेलं चाक आहे. प्रत्येक पायाने आपापलं काम करायला पाहिजे.” सर वाईट बोलले नाहीत. पण दोनशे पोरं हसली. कोणीतरी ओरडलं, “चाचा, शिलाई मशीन है क्या?” दुप्पट वजनाची सवलत गेली, बारा किलो जास्त भरले, आणि एकही लढत न खेळता आम्ही परत निघालो. एस.टी. मूर्तिजापूरला आली. अब्बा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “शाफ्ट तं एकच असते.”

त्या हंगामात जिन जेमतेम चाळीस दिवस चाललं. ती वर्षंच तशी होती. कपाशी पुरी पडत नव्हती, लोकांनी काळ्या जमिनीत सोयाबीन धरलं होतं, आणि पुढच्या दिवाळीत मालकाने जिनाचं फाटक उघडलंच नाही. अब्बांनी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये फवारणीचे पंप दुरुस्त करायला घेतले. चोवीस रेच्यांचा आवाज ओळखणारा माणूस दिवसभर वायसर बदलत बसायचा. त्यांच्याकडे बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी रडत नाही, चिडते.

मी कागदाची घडी होती तशी घातली, पेटीच्या तळाशी ठेवली आणि ठरवलं, या वर्षी त्या रकान्यात ‘होय’ आलं पाहिजे. ढाल मिळाली तर मिळाली. पण माझ्या बापाचं यंत्र चालतं असं त्याच सरांनी त्याच लाल पेनाने लिहून द्यायचं.

अब्बांना विचारलं तर म्हणाले, “मी नाई त्याच्यात. एक डाव झालं हसू, बस झालं.” ठीक आहे, म्हटलं. मी शेडच्या कोपऱ्यात एकटीच कानस घेऊन बसले. भंगारबाजारातून ट्रकच्या वायपरच्या बारा मोटरी आणल्या, एकेका पायाला दोन: एक पाय उचलायला, एक पुढेमागे करायला. शाफ्ट नावाची वस्तू यंत्रात ठेवायचीच नाही. अब्बा पाठ करून पंप खोलायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. “अशी कानस मारतात काय? लोखंडाले गुदगुल्या करून राहिली का?” म्हणत त्यांनी कानस हिसकली, आणि मग दोन महिने काही ती माझ्या हातात परत आली नाही.

पाय त्यांनीच केले. पिंजऱ्याची जमीन गुळगुळीत लोखंडी पत्र्याची असते, तिच्यावर पाय घसरू नयेत म्हणून जिनातल्या झिजलेल्या रोलरचं चामडं कापून तळवे लावले. कापसाचा तंतू न सोडणारं ते चामडं पत्रा कशाला सोडेल? पुढे वखराची पास बसवली, आडवी, जमिनीलगत. वखराचं ते पातं काळ्या मातीतल्या मुळ्या आणि खडे कापत जातं, तेव्हा ते मार खायला तयारच होतं. अम्मीने चहा देताना एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, “मुंगळा दिसून राहिला.” नाव ठरलं.

मुंगळा उभा राहिला, पण चालेना. सहा पाय, कोणता कधी उचलायचा? मी शहाणी. मी टायमरचं एक सर्किट केलं, म्हणजे पाय आपोआप ठरल्या क्रमाने पडतील. शेडमध्ये झकास चालला. मग अब्बांनी त्याला बाजूने पायाने ढकललं, लढतीत ढकलतील तसं. मुंगळा कलला आणि कललेला असतानाच, टायमरने सांगितलं म्हणून, जो पाय टेकायला हवा होता तोच नेमका उचलला. आडवा पडला आणि हवेत पाय मारत राहिला. मी सर्किट तीनदा बदललं. तीनदा आडवा.

तेव्हा दारात कौशल्यामावशी उभ्या होत्या, हातात गळका पंप घेऊन. बाळापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून त्या बावीस वर्षं जिनात कामाला यायच्या. रेच्याच्या तोंडाशी उभं राहून हाताने कापूस सारायचा, हे त्यांचं काम. जास्त सारला तर रेचा गच्च होतो, कमी पडला तर रोलर नुसताच घासतो. बाकीच्या बाया एकेक रेचा सांभाळायच्या. कौशल्यामावशी डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने दुसरा, आणि दोन्ही रेच्यांची चाल वेगळी. बघायच्या कुठेच नाहीत. गप्पा मारायच्या, कान तेवढे यंत्राकडे. जिन बंद झाल्यावर त्या निंदणीला जात होत्या.

त्यांनी मुंगळ्याची शेवटची आपटी पाहिली आणि म्हणाल्या, “त्याचा तो मधला पाय उपाशी राहून राहिला वो.”

“काय?” मी म्हटलं.

“सारायला उशीर होऊन राहिला त्याले. आवाज ऐकू येत नाई काय तुले? आन हे आपोआप काहून चालवतं? हाताले काय झालं?”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी अब्बांकडे. दुसऱ्या दिवशी आम्ही एका पेटीवर सहा दांड्या बसवल्या, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या. दांडी मागे ओढली की पाय उचलून पुढे जाणार, लोटली की टेकून रेटणार. पेटीतून वायरींचा जाड जुडगा मुंगळ्यापर्यंत. टायमरच्या सर्किटची जोडणी तोडली, पण सर्किट पेटीतच राहू दिलं. सगळ्या वायरी त्याच्याच पट्टीवरून गेलेल्या. काढायचं म्हणजे अर्धा दिवस. मी कंटाळा केला. हे लक्षात ठेवा, पुढे मला ते चांगलंच भोवणार आहे.

मावशींनी पहिल्या दिवशी मुंगळा दहा वेळा पाडला. तिसऱ्या दिवशी पाडला नाही. आठवड्याने अब्बा त्याला ढकलायचे, बांबूने टोचायचे, आणि मावशी अम्मीशी मिरच्यांच्या भावावर बोलत बोलत त्याला सरळ ठेवायच्या. टक-टक-टक, टक-टक-टक. मी स्वतः दांड्या धरून पाहिल्या. मला ते यंत्र मीच चालवायचं होतं, खोटं कशाला बोलू. चार पावलांत माझ्या बोटांचा गुंता झाला. मावशींनी माझे हात बाजूला केले आणि म्हणाल्या, “तू वायर धर.” मी वायर धरली.

डिसेंबर दोन हजार नऊ. छोट्या टेम्पोत मुंगळा, ताडपत्री, मावशी, अब्बा आणि मी. अब्बा अमरावतीपर्यंत आले, कॉलेजच्या फाटकापर्यंत आले, हॉलच्या पायरीपर्यंत आले. तिथे थांबले. हॉलच्या खिडक्यांना लागूनच चहाची टपरी होती. “मी इथंच बसतो बेटा. तुमी जा,” म्हणाले. त्या दाराच्या आत काय झालं होतं ते मला माहीत होतं.

तपासणीच्या टेबलावर महादेवराव सरच होते, तोच चष्मा, तोच लाल पेन. वजन साडेएकोणतीस. “चालवून दाखवा,” म्हणाले. मावशींनी पदर खोचला, दांड्यांवर बोटं ठेवली आणि मुंगळा चालला. सर वाकून बघत राहिले. मुंगळा सरळ गेला, वळला, परत आला. टक-टक-टक, एक पाऊल इकडचं तिकडे नाही. माझी छाती फुगली, आणि सरांच्या कपाळाला आठी पडली.

मागच्या वर्षीची ढाल जिंकलेला जिब्रान शेजारीच उभा होता. शेवटच्या वर्षाचा, उंच, मनाने वाईट नाही, पण हरायची सवय नसलेला. तो म्हणाला, “सर, हा ठेका हाताचा नाही. इतका सारखा हाताने कोणी चालवूच शकत नाही. आत टायमर असणार. टायमर म्हणजे शाफ्टच झाली ना?”

“पेटी उघडा,” सर म्हणाले.

मी पेटी उघडली. आत माझं टायमरचं सर्किट, लाल दिव्यासकट, थाटात बसलेलं.

“ते बंद आहे सर! जोडणी तोडली आहे!”

“मग ठेवलं कशाला?”

याला काय उत्तर देणार? कंटाळा आला म्हणून? मी भांडायला लागले. आवाज चढला, हात नाचले, आणि मी जितकी भांडले तितकी खोटी दिसायला लागले. जिब्रानच्या संघाने लेखी हरकत दिली. मग सरांनी मावशींना एकेक पाय वेगळा उचलून दाखवायला सांगितला, मावशींनी दाखवला. “उभं राहून पाय हलवणं वेगळं,” सर म्हणाले, “चालताना तो वेगळा चालतो हे मला कसं कळणार? चालताना तर सहाही पाय एका ठेक्यात आहेत.”

मी मावशींना बाजूला घेतलं. “मावशी, थोडं चुकवून दाखवा ना. एखादं पाऊल उशिरा टाका. म्हणजे त्यांना कळेल की हात आहे.”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेण खायला सांगितलं होतं. “चुकवू? बावीस वर्षं मी एक रेचा गच्च होऊ देल्ला नाई. आन आता या चष्मेवाल्याले पटावं म्हनून चुकवू? माह्या हाताले शाफ्ट म्हनून राहिले थे, आन तू मलेच सांगून राहिली?”

“मावशी, फक्त एक पाऊल...”

“नाई जमत.”

सरांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, “खेळू द्या. निर्णय मी लढती बघून देईन. चालत नाही असं ठरलं, तर जिंकलेलं सगळं रद्द.” कागदावरच्या त्या रकान्यात त्यांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. लाल पेन खिशातच राहिला.

पहिली लढत बडनेऱ्याच्या पोरांशी. ती मिनिटभरसुद्धा चालली नाही. त्यांचं चाकाचं यंत्र पंधरा किलोचं, येऊन पाशीवर धडकलं, आणि मुंगळा टक-टक-टक करत त्याला खड्ड्यापर्यंत लोटत घेऊन गेला. पोरं आमच्यासाठी ओरडली. सरांनी टाळी वाजवली नाही. ते पायांकडे बघत होते, आणि पाय त्याच ठेक्यात पडत होते. मावशींचा हात जितका चांगला, तितकी आमची केस वाईट. मला तर मावशींची बोटंच धरून हलवावीशी वाटत होती.

अंतिम लढत जिब्रानशी. त्याच्या यंत्राचं नाव तडाखा. पुढे एक आडवी लोखंडी पट्टी, ती गरगर फिरायची आणि लागेल ते तोडायची. मी वायरींचा जुडगा बांबूला बांधून पिंजऱ्यावर उंच धरला होता, म्हणजे पट्टीत अडकू नये. मावशी पेटीपुढे उभ्या होत्या, मान थोडी कललेली, जिनात असायची तशी.

जिब्रान हुशार. तो पाशीच्या समोर आलाच नाही. लांबून वळसा घालून मागे गेला आणि डावा मागचा पाय उडवला. पाय भिंतीवर आपटून खाली पडला. मावशींनी “हं” एवढंच म्हटलं आणि उरलेल्या पाचांवर मुंगळ्याला वळवलं. तडाखा पुन्हा फिरला. या वेळी उजव्या बाजूने. फाडकन आवाज आला आणि उजवा मधला पाय चामड्याच्या तळव्यासकट कोपऱ्यात गेला. मुंगळा पोटावर बसला.

पंचांच्या मदतनिसाने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. मावशींचे हात दांड्यांवर होते, पण हलत नव्हते. तीन. मी बांबू घट्ट धरला होता आणि माझ्या डोळ्यांपुढे पेटीच्या तळाशी घडी घातलेला आणखी एक कागद येत होता. चार. “मावशी!” मी ओरडले. पाच. मावशी म्हणाल्या, “थांब वो. ऐकू दे.” त्या एकेक दांडी किंचित दाबून मोटरींचा आवाज घेत होत्या, कोणता पाय जिवंत आहे, कोणात किती जोर उरला आहे. सहा. सात.

मग त्यांनी दोन दांड्यांवरची बोटं उचलली. चारच दांड्या धरल्या. पुढचा डावा पाय उचलला. टेकला. मुंगळ्याचं पोट जमिनीवरून वर आलं. मागचा उजवा. टेकला. मधे थांबल्या. मधला डावा. तो जुना ठेका नव्हता. टक... टक-टक... टक. एका बाजूला झुकत, सावरत, पुन्हा झुकत मुंगळा पुढे सरकला.

मागे हॉलच्या दारातून आवाज आला, “दोन गेले. चारवर हाये.”

अब्बा होते. टपरीवर बसून त्यांनी खिडकीतून नुसता आवाज ऐकला होता. चहाचा ग्लास हातातच राहिला होता, आणि चहा पायजम्यावर सांडला होता. ज्या दारातून आत येणार नाही म्हणाले होते, त्या दारातून ते माझ्यापर्यंत आले आणि बांबूला त्यांनी हात लावला.

जिब्रानला वाटलं, जिंकलो. तो हर्षाने ओरडला, “लंगडा झाला! सर, बघा, लंगडतोय!”

महादेवराव सर खुर्चीतून उठले. “काय म्हणालास?”

“लंगडतोय सर!” आणि हे म्हणता म्हणता जिब्रानचा चेहरा उतरला, कारण आपण काय बोललो हे त्याला कळलं होतं. शाफ्टवरचं यंत्र दोन पाय तुटल्यावर लंगडत नाही. ते उरलेले पाय आधीसारखेच आपटत पडून राहतं. माझ्या टायमरवरचा मुंगळा तीनदा तसाच पडला होता. लंगडायचं तर कोणता पाय गेला हे कळावं लागतं, आणि उरलेल्यांनी त्याचं काम वाटून घ्यावं लागतं.

लढत मात्र संपली नव्हती. चाळीस सेकंद उरले होते. जिब्रानने तडाखा शेवटच्या घावासाठी सरळ अंगावर घातला. घाईत तो पहिल्यांदाच समोरून आला. मावशी कुजबुजल्या, “ये बाप्पा, ये.” त्यांनी पुढचे दोन्ही पाय एकदम उचलले. मुंगळ्याचं तोंड खाली गेलं आणि वखराची पास पत्र्याला जाऊन टेकली. तडाख्याची पट्टी पाशीवर आदळली, ठिणग्या उडाल्या, ती फिरवणारा रबरी पट्टा जळल्याचा वास हॉलभर सुटला आणि पट्टी थांबली. यंत्र मात्र वेगातच होतं, ते पाशीवर चढलं. मावशींनी पुढचे पाय टेकवले. तडाख्याची पुढची चाकं हवेत फिरत राहिली, आणि मागच्यांना काही पकड मिळेना.

खड्डा दीड हातावर होता. मुंगळा त्याला घेऊन निघाला. एकेक पाय. डावा पुढचा. थांबा. उजवा मागचा. थांबा. सगळा हॉल प्रत्येक पावलाला ओरडत होता. मीही ओरडत होते, काय ते मला आठवत नाही. अब्बा म्हणतात ते सांगण्यासारखं नव्हतं. दहा सेकंद उरले होते तेव्हा तडाखा खड्ड्याच्या काठावर होता. मावशींनी दोन्ही हातांच्या तळव्यांनी चारही दांड्या एकदम लोटल्या, कापसाचा शेवटचा ढीग रेच्यात सारावा तशा. तडाखा खड्ड्यात गेला. मुंगळा काठावर उभा राहिला, चार पायांवर, वाकडा.

मावशींनी हात पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, “चुकवलं नाई मी. नीट आयकलं ना तू? चुकवलं नाई.”

जिब्रान सगळ्यांत आधी आला. त्याने हरकतीचा कागद टेबलावरून उचलला आणि सरांसमोरच फाडला. मग मावशींपुढे वाकून म्हणाला, “चाची, हात दाखवा ना.” मावशींनी दाखवले. त्या तळव्यांना बावीस वर्षांचे घट्टे होते. तो बघत राहिला.

महादेवराव सरांनी खिशातून लाल पेन काढला. प्रश्नचिन्ह खोडलं. ‘यंत्र चालणारे आहे काय?’ त्यापुढे त्यांनी लिहिलं, ‘होय’. जरा थांबून पुढे आणखी लिहिलं, ‘आणि लंगडतेसुद्धा’. खाली सही केली आणि कागद माझ्या पुढे धरला.

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, “सर, यांना द्या. यांनी केलंय.”

अब्बांनी कागद घेतला. चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून एक चौपदरी घडी बाहेर काढली. मला वाटत होतं तो कागद अकोल्याला पेटीच्या तळाशी आहे. त्यांनी तो सकाळपासून छातीशी ठेवला होता. त्यांनी घडी उलगडली, हाताने नीट सारखी केली आणि मागच्या वर्षीचं ते ‘नाही’ सरांच्या टेबलावर ठेवलं.

“हा तुमच्याजवळ राहू द्या सर,” अब्बा म्हणाले. “माह्या पेटीत आता जागा नाई.”